वलंदेज कप्तानाची साक्ष

वसाहतींच्या इतिहासात एक पात्र वारंवार भेटतं: 'त्यातल्या त्यात बरा गोरा माणूस'. सगळे कापाकापी करत असताना तो नको म्हणत असतो आणि त्यानं लिहून ठेवलेलं असतं म्हणून आपल्याला ती कापाकापी कळते. अशा माणसाबद्दल वाचकाला लगेच माया वाटते. मला या मायेबद्दलच बोलायचं आहे, आणि त्यासाठी डेव्हिड पीटर्सझोन द व्रीस या डच कप्तानाचं एक जुनं पुस्तक समोर ठेवायचं आहे.

द व्रीस १५९३ साली फ्रान्समधल्या ला रोशेल बंदरात जन्मला, पण माणूस हॉलंडमधल्या होर्न गावचा. भूमध्य समुद्र, न्यू फाउंडलंड, यान पीटर्सझोन कोएनच्या ताफ्याबरोबर पूर्वेकडे, मग गयाना आणि तीनदा उत्तर अमेरिका असा सगळा प्रवास करून तो १६४४ साली घरी परतला. त्यानंतर अकरा वर्षांनी, १६५५ साली, त्यानं आपल्या सफरींची हकीकत छापली. पुस्तकाचं लांबलचक डच नाव थोडक्यात 'संक्षिप्त इतिहास आणि रोजनिशीतल्या नोंदी' असं होईल. त्यात कॉर्नेलिस फिशरनं कोरलेलं त्याचं चित्र आहे. साठीच्या आसपासचा, चेहऱ्यावर कर्तबगारीचं समाधान असलेला गृहस्थ. तोवर तो वेस्ट फ्रीसलंडच्या सरकारात तोफखान्याचा अधिकारी झाला होता. मला डच येत नाही. मी हे वाचलं ते हेन्री मर्फी यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी भाषांतरातून, आणि जेम्सन यांनी १९०९ साली काढलेल्या न्यू नेदरलंडविषयक संकलनातून.

आपल्याकडे वलंदेज म्हटलं की वेंगुर्ल्याची पडकी वखार आठवते, फार तर शिवकालीन संशोधनात येणारी डच पत्रं. म्हणजे व्यापारी, हिशेबी, जमिनीत फारसा रस नसलेला माणूस. हे चित्र कोकणापुरतं बरोबर असेल. हडसन आणि डेलावेअर नद्यांच्या मुखांशी मात्र हाच वलंदेज गाई, नांगर आणि खरेदीखत घेऊन उतरला होता.

वेस्ट इंडिया कंपनीनं १६२९ साली एक सनद काढली. चार वर्षांत पन्नास प्रौढ माणसं नेऊन वसवील त्याला मोठा मुलूख वंशपरंपरेनं मिळणार. अशा मालकाला 'पट्रून' म्हणत; आपण जहागीरदार म्हणू. सॅम्युएल गोडाइन, किलियान फान रेन्सलर अशी बडी सावकार मंडळी यात उतरली आणि त्यांनी द व्रीसला भागीदार म्हणून घेतलं. त्याच्याकडे त्यांच्याइतका पैसा नव्हता, पण समुद्र आणि त्यावरची माणसं त्याला माहीत होती. डेलावेअर उपसागराच्या तोंडाशी, आज जिथे लुईस गाव आहे तिथे, 'स्वानेनडाल' म्हणजे हंसांची दरी वसवायची, शेती करायची, देवमासे मारून तेल काढायचं असा बेत होता.

पहिलं जहाज १६३१ च्या वसंतात तिथे पोचलं. त्यावर द व्रीस नव्हता. कप्तान होता पीटर हायस. आज लुईसमध्ये १९०९ साली उभारलेलं द व्रीसचं स्मारक आहे. वसाहतीच्या त्रिशताब्दीला, १९३१ साली, तिथे होर्नच्या नगरभवनाच्या धर्तीवर एक संग्रहालय बांधलं गेलं आणि त्याच्या शिखरावर द व्रीसचाच पुतळा बसवला. पीटर हायसला तिथे शिखर मिळालं नाही. याला मी ढोबळ अन्याय म्हणणार नाही. ज्यानं लिहिलं तो शिखरावर चढला, एवढंच.

द व्रीस स्वतः पोचला डिसेंबर १६३२ मध्ये. निघण्याआधीच त्याला बातमी लागली होती की तिथली माणसं मारली गेली आहेत. किनाऱ्यावर त्याला जळलेलं कुंपण दिसलं आणि रानात माणसांच्या कवट्या नि हाडं, घोड्या-गाईंची डोकी. ही पानं त्यानं फार कोरडेपणानं लिहिली आहेत, आणि तो कोरडेपणा मला पसंत आहे. काही दिवसांनी एक स्थानिक माणूस जहाजावर रात्र काढतो आणि घडलेलं सांगतो. डचांनी एक खांब रोवून त्यावर पत्र्याचा तुकडा ठोकला होता. पत्र्यावर हॉलंडचं राजचिन्ह रंगवलेलं. एका स्थानिक प्रमुखानं तो पत्रा तंबाखूच्या चिलमी करायला काढून नेला. डचांनी त्यावरून इतका गहजब केला की काही स्थानिकांनी, त्यांना खूश करण्यासाठी असेल, त्या प्रमुखालाच ठार केलं आणि तशी खूण आणून दाखवली. वसाहतीचा म्होरक्या म्हणाला, हे करायला नको होतं, आम्ही नुसती समज दिली असती. मग मेलेल्याच्या आप्तांनी सूड घेतला. बत्तीस माणसं गेली. साखळीला बांधलेला एक मोठा कुत्रा होता, त्याच्यावर सगळ्यात जास्त बाण टाकावे लागले, म्हणजे पंचवीस.

अमेरिकी इतिहासाच्या लोकप्रिय पुस्तकांत ही गोष्ट 'सांस्कृतिक गैरसमज' या सदरात पडते. बिचाऱ्यांना राजचिन्ह म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, डचांना चिलमीचं महत्त्व ठाऊक नव्हतं, वगैरे. मला हे वाचन आळशी वाटतं. खांब रोवून त्यावर आपल्या सत्तेचं चिन्ह लावणं हा कब्ज्याचा कायदेशीर विधी होता. ज्यानं तो पत्रा काढला त्याच्या दृष्टीनं तो आपल्याच गावच्या किनाऱ्यावरचा पत्रा होता. यात गैरसमज कुठे आहे? दोन्ही बाजूंना जमीन कुणाची हेच म्हणायचं होतं. द व्रीसला हा प्रश्न सुचत नाही. तो गोष्ट नीट ऐकतो, नीट लिहितो, आणि पुढे जातो.

त्यानं सूड घेतला नाही, तह केला, याचं पुष्कळ कौतुक होतं. कापड, गोळ्या, कुऱ्हाडी आणि न्यूरेंबर्गचा किरकोळ माल वाटून त्यानं प्रकरण मिटवलं. पण त्यानं स्वतः दिलेलं कारण वाचा: ही माणसं एका जागी राहत नाहीत, तेव्हा सूड घेण्याची काही सोय दिसली नाही. इतक्या सरळपणे हे लिहिणाऱ्या माणसावर दयाळूपणाचा आरोप करणं बरोबर नाही. त्याला तेल हवं होतं, तेलासाठी किनारा शांत हवा होता. तेल काही फारसं मिळालं नाही.

त्या जळलेल्या वसाहतीला पुढे एक चमत्कारिक मरणोत्तर आयुष्य लाभलं. इंग्लंडच्या राजानं १६३२ साली लॉर्ड बाल्टिमोरला मेरीलंडची सनद दिली ती 'आजवर न कसलेल्या' मुलखाची. नंतरच्या सीमावादात बाल्टिमोरच्या विरोधकांनी बोट दाखवलं ते स्वानेनडालकडे: त्याआधीच इथे शेती झाली होती! डेलावेअर हे राज्य मेरीलंडमध्ये विरघळलं नाही त्यामागे या युक्तिवादाचाही वाटा आहे. बत्तीस डचांच्या एका हंगामाच्या नांगरटीला शेती मानलं गेलं. लेनापे बायकांनी पिढ्यान् पिढ्या लावलेला मका कुणीच कागदावर आणला नाही, कारण तो मोजला तर दोन्ही पक्षांचा दावा पडला असता.

द व्रीस लेखक म्हणून सर्वात रंगतो तो आपल्याच लोकांची टिंगल करताना. एप्रिल १६३३ मध्ये तो न्यू ॲमस्टरडॅममध्ये असतो. एक इंग्रज जहाज परवान्याशिवाय हडसन नदीत वर जाऊन चामड्याचा व्यापार करायला निघतं. गव्हर्नर वाउटर फान ट्विलर सगळ्या लोकांना दारापुढे जमवतो, दारूचं पिंप फोडतो, पेला भरतो आणि सांगतो की ऑरेंजच्या राजपुत्रावर आणि माझ्यावर प्रेम असेल त्यानं माझ्यासारखं प्यावं आणि या इंग्रजाला अडवायला मदत करावी. लोक पितात, हसतात, इंग्रज वर निघून जातो. जेवताना द व्रीस गव्हर्नरला सुनावतो: मी असतो तर किल्ल्यावरच्या तोफांनी त्याला रोखलं असतं. हे पान विसरू नये. पुढे जो माणूस युद्ध नको म्हणणार आहे तो अहिंसावादी नाही. तोफ कधी डागायची याबद्दल त्याची स्वतंत्र मतं आहेत.

१६३८ पासून तो हडसनच्या काठी खरोखरीचा वसाहतवाला होतो. आधी स्टॅटन बेटावर, मग टापान लोकांच्या शेजारी 'व्रीसेनडाल' नावाची जागा. नवा गव्हर्नर विलेम कीफ्त स्थानिकांवर मक्याचा कर बसवतो. कर गोळा करायला आलेलं कंपनीचं गलबत द व्रीसला टापानमध्ये दिसतं, आणि तिथले लोक त्याला म्हणतात की किल्ल्यातला तुमचा प्रमुख भलताच हलका माणूस दिसतो. आम्ही काही त्याला इथे राहायला बोलावलं नव्हतं. हे वाक्य त्यानं चवीनं नोंदवलं आहे. कीफ्तबद्दल त्याला स्वतःला जे म्हणायचं होतं ते टापानांनी परस्पर म्हटलं होतं.

इथे एक आडवळण घेतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आपल्या 'आज्ञापत्रा'त फिरंगी, इंग्रज, वलंदेज वगैरे टोपीकरांबद्दल एक प्रकरण आहे. हे इतर सावकारांसारखे सावकार नाहीत, यांच्यामागे राजे आहेत, यांना समुद्राकाठी वखारीला जागा देऊ नये, असा त्याचा रोख. ते लिहिणाऱ्याच्या पाठीशी दोनशे वर्षांचा गोव्याचा अनुभव होता. टापानांच्या पाठीशी फार तर तीस वर्षांचा होता, आणि तरी मक्याच्या करावरचं त्यांचं बोलणं त्याच जातीचं आहे. द व्रीसच्या पुस्तकाची खरी किंमत मला इथे वाटते: दुसऱ्या बाजूचं राजकीय बोलणं त्यात अधूनमधून निसटून येतं.

मग १६४१. क्लास स्विट्स नावाच्या म्हाताऱ्या वसाहतवाल्याचा खून होतो. कीफ्तला युद्ध हवं असतं, पण दोष एकट्यावर नको असतो. तो बारा जणांची सभा बोलावतो, द व्रीस तिचा अध्यक्ष होतो. सभा युद्धाला टाळाटाळ करते आणि स्वतःचे हक्क मागू लागते, तेव्हा कीफ्त १६४२ च्या फेब्रुवारीत ती मोडीत काढतो. द व्रीसची कारणं तपशिलात वाचावीत: लोक विखुरलेले राहतात, गुरं रानात चरतात, युद्ध झालं तर आपलंच नुकसान. न्यायाचा मुद्दा शेवटी येतो, आणि येतो तेव्हा थोडा घाईनं.

फेब्रुवारी १६४३ मध्ये उत्तरेकडच्या माहिकनांच्या हल्ल्याला भिऊन शेकडो लोक डचांच्या आश्रयाला येतात. काही नदीपलीकडे पाव्होनियाला, काही मॅनहॅटनवरच कॉर्लर्स हुकपाशी. कीफ्त त्यांच्यावर सैनिक सोडायचं ठरवतो. २५ तारखेच्या रात्री द व्रीस गव्हर्नरच्या घरी, स्वयंपाकघरातल्या शेकोटीपाशी बसून राहतो. मध्यरात्री किंकाळ्या ऐकू येतात. तो किल्ल्याच्या तटावर जातो, पाव्होनियाच्या दिशेला बघतो. बंदुकांच्या ठिणग्या दिसतात, बाकी काही नाही. तो पुन्हा शेकोटीपाशी येतो. थोड्या वेळानं ओळखीचं एक स्थानिक जोडपं छोट्या होडीतून किल्ल्यावर येतं. त्यांची समजूत अशी की उत्तरेकडचे लोक चालून आले आहेत, तेव्हा किल्ल्यात लपावं. तो त्यांना सांगतो की हे स्थानिक लोक नाहीत, डच आहेत, इथे थांबू नका. आणि त्यांना दारापर्यंत नेऊन सोडतो. पहाऱ्यावर कुणी नसतं. ते निघून जातात.

यानंतर लगेच तो प्रसिद्ध उतारा येतो, जो या हत्याकांडाविषयीच्या प्रत्येक पुस्तकात द व्रीसच्या नावानं छापला जातो: आईच्या छातीपासून ओढलेली बाळं, नदीत फेकलेली मुलं, हातपाय तुटलेली माणसं. पाव्होनियाला ऐंशी आणि कॉर्लर्स हुकला चाळीस मेले. उतारा भयंकर आहे, आणि त्यातलं काही खोटं असल्याचं मी म्हणत नाही. अडचण अशी की जवळजवळ हेच शब्द 'ब्रेडेन-राट' नावाच्या एका निनावी पत्रकात आहेत, आणि ते पत्रक निघालं १६४९ साली, द व्रीसच्या पुस्तकाच्या सहा वर्षं आधी. एकतर त्यानं तिथून उचललं किंवा पत्रकाला मजकूर त्यानंच पुरवला. माझा कल पहिल्या शक्यतेकडे आहे, कारण आवाज बदलतो. शेकोटीजवळचा माणूस तुटक वाक्यांत बोलतो, तटावरून काय दिसलं नाही तेही सांगतो. पुढच्या उताऱ्यातला माणूस सर्वत्र हजर आहे, सगळं बघतो, आणि उपरोध करतो. शिवाय उचलाउचलीची त्याला सवय होतीच. स्थानिकांच्या चालीरीतींवरची त्याची पानं बरीचशी पाद्री मेगापोलेन्सिसच्या मोहॉकांवरील पुस्तिकेतून आली आहेत, आणि म्हणूनच जेम्सननी ती गाळली.

मग साक्षीदार म्हणून त्याची किंमत काय राहिली? माझ्या मते वाढली. उचललेला उतारा बाजूला केला की उरतं ते एका माणसानं खरोखर पाहिलेलं: अंधारातल्या ठिणग्या, आणि होडीतून आलेली दोन माणसं ज्यांना अजून डचांच्या किल्ल्यावर विश्वास आहे. त्या विश्वासाइतकं भयंकर त्या बाळांच्या उताऱ्यातही काही नाही. आणि तो शेकोटीपाशी का बसला होता, हा प्रश्नही तेव्हाच स्पष्ट होतो. त्यानं कीफ्तशी वाद घातला होता. सैनिक निघताना पाहिले होते. पाव्होनिया नदीच्या पलीकडे होतं. तो बसून राहिला. पुस्तकात या बसून राहण्याबद्दल एक शब्दही नाही, आणि संपादकांच्या टिपांतही मला सापडला नाही.

अर्थात ज्या माणसाला त्यानं दार उघडून दिलं होतं त्यानंच पुढे त्याला वाचवलं. सूडाच्या लाटेत व्रीसेनडालवर हल्ला झाला, गोठे-कोठारं जळली, तेव्हा हा माणूस पुढे आला आणि आपल्या लोकांना म्हणाला की हा चांगला प्रमुख आहे, यानं मला त्या रात्री सोडवलं. हल्ला थांबला. द व्रीस हे सांगतो तेव्हा त्याच्या स्वरात अभिमान आहे. असू दे, कमावलेला आहे.

मार्च १६४३ मध्ये लाँग आयलंडचे लोक तहाची बोलणी करायला माणसं मागतात. किल्ल्यातलं कुणी जायला तयार नाही. द व्रीस आणि याकोब ओल्फर्ट्सझोन जातात. हे धैर्य निर्विवाद आहे. रॉकअवेला त्यांना कालवं आणि मासे खाऊ घालतात, पहाटे उठवून रानात नेतात. सोळा प्रमुख गोल करून बसतात. त्यांच्यातला वक्ता हातात काटक्यांची जुडी घेऊन मधोमध उभा राहतो. एक काटकी म्हणजे एक मुद्दा. पहिली खाली ठेवतो: तुम्ही प्रथम आलात तेव्हा तुमच्याकडे खायला नव्हतं, आम्ही घेवडा, मका, कालवं, मासे दिले, आणि आता आमचीच माणसं मारता. दुसरी: जहाजं परत जाताना तुम्ही मागे ठेवलेली माणसं आम्ही डोळ्यांसारखी जपली, आमच्या मुली त्यांना दिल्या, त्यांची मुलं आमच्यात आहेत, तुम्ही तुमचंच रक्त सांडलंत.

आणि इथे द व्रीस लिहितो की या काटक्या ठेवण्याचा त्याला कंटाळा येऊ लागला, कारण वक्त्याच्या हातात अजून बऱ्याच दिसत होत्या. तो त्याला थांबवतो, म्हणतो पुरे, किल्ल्यावर चला, तिथे भेटी मिळतील आणि तह होईल.

मी हे पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. सभांमध्ये मीही वक्त्याच्या हातातले उरलेले कागद मोजत आलो आहे. पण हे पुस्तक याच पानावर उभं आहे किंवा पडलेलं आहे. सतराव्या शतकातल्या एका पूर्ण आरोपपत्राचे दोन मुद्दे आपल्यापर्यंत पोचले आणि बाकीचे एका चांगल्या माणसाच्या कंटाळ्यात गेले. कीफ्त तिथे असता तर पहिलाही पोचला नसता. सच्चेपणाचं श्रेय द व्रीसला द्यायचं तर ते कंटाळा आला हे लपवलं नाही याबद्दल द्यावं. पुढे प्रमुख त्याच्याबरोबर किल्ल्यावर आले, कारण, ते म्हणाले, इतरांसारखं खोटं तुझ्याकडून आम्ही कधी ऐकलं नाही. मार्चअखेर तह झाला. भेटी तुटपुंज्या होत्या, तह काही महिन्यांत मोडला.

शेवटाबद्दल थोडं सावध राहावं. १६४३ च्या ऑक्टोबरात निघताना तो कीफ्तला म्हणतो की सांडलेल्या निरपराध रक्ताचा सूड तुझ्या डोक्यावर येईल. कीफ्त १६४७ साली मायदेशी परतताना वेल्सच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून बुडाला. पुस्तक छापलं १६५५ मध्ये. छापखान्यात गेलेली भविष्यवाणी बहुधा खरीच ठरते. पुस्तकातले खटकेबाज संवादही याच चष्म्यातून वाचावेत; त्यांत द व्रीस कधी निरुत्तर होत नाही. होर्नच्या वाचकांना अशा गोष्टींची गोडी होती. त्याच गावच्या कप्तान बोन्टेकूची, स्फोटात उडालेल्या जहाजाची हकीकत १६४६ मध्ये निघाली आणि तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. द व्रीसच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. बोन्टेकू देवाचे आभार मानतो; द व्रीस कंपनीच्या तक्रारी करतो, आणि तक्रार फार खपत नाही.

ज्यांना हे वाचायचं आहे त्यांनी मर्फींच्या भाषांतरातून सरळ १६३२ च्या डिसेंबरपासून सुरुवात करावी, चालीरीतींची उसनी पानं सोडून द्यावीत, आणि रॉकअवेच्या पहाटेपाशी थोडं हळू वाचावं. जेम्सनचं संकलन हाताशी असेल तर त्यातल्या टिपाही बघाव्यात. कुठलं पान कुणाचं हे त्यांच्याइतकं नेमकं मला दुसरीकडे मिळालं नाही.